ड्रायव्हरमध्ये चिपसेट ओळखताना
लिनक्स ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एखाद्या चिपसेटपुरता, म्हणजे मदरबोर्डवरच्या ठरावीक चिप्सपुरता, वेगळा उपाय करायचा असेल, तर मदरबोर्डच्या नावावर विसंबू नका; बायोसमध्ये ते कंपनीगणिक वाटेल तसं भरलेलं असतं. पीसीआय (मदरबोर्डवरचे भाग जोडणारी व्यवस्था) देते तो व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि डिव्हाइस आयडी (चिपच्या मॉडेलचा क्रमांक) बघा. व्हेंडर आयडी हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ८०८६ म्हणजे इंटेल, १०२२ म्हणजे एएमडी; एफएफएफएफ आलं तर तिथे डिव्हाइसच नाही. आधी टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवून आकडे पडताळून घ्या. दोष जुन्या चिपमध्येच असेल तर रिव्हिजन आयडीही (चिपच्या आवृत्तीचा क्रमांक) तपासा, नाहीतर या उपायामुळे दुरुस्त झालेली चिपही उगाच मंदावेल. आणि कर्नलच्या ‘पीसीआय_गेट_डिव्हाइस’ फंक्शनने चिपसेटचा ब्रिज (इतर भागांना जोडणारा भाग) सापडला, की काम झाल्यावर तो सोडणारं ‘पीसीआय_डेव्ह_पुट’ हवंच. हे बरेच जण विसरतात आणि रेफरन्स काउंट (डिव्हाइस किती जण वापरताहेत याची मोजणी) तसाच अडकून राहतो.