लाइनबॅकरचा फुलबॅक झाला: पोरगा टिकेल का, हे कसं ओळखायचं

कोल्हापूरच्या मैदानावर फुलबॅक म्हणजे बचावातला गडी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये त्याच नावाचा माणूस आक्रमणात असतो. आय फॉर्मेशन या एकामागे एक उभं राहायच्या मांडणीत तो क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) मागे, चेंडू ठेवतात त्या रेषेपासून साधारण ४ यार्डांवर उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागे, रेषेपासून ७ यार्डांच्या आसपास टेलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. चेंडू याच्या हाती क्वचितच येतो, याने फक्त मागच्यासाठी वाट काढायची. म्हणून नुकत्याच फुलबॅक झालेल्या पोराचा अंदाज धावांच्या आणि यार्डांच्या आकड्यांवरून बांधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. सामन्यांचे व्हिडिओच पाहावे लागतात, आणि तेही चेंडूवरची नजर काढून.

आधी तो आला कुठून ते बघा, कारण खोडी तिथूनच सोबत येतात. लाइनबॅकर (बचावातल्या पहिल्या रांगेमागचा गडी) होता तर टकरीला घाबरत नाही आणि समोरचा लाइनबॅकर काय करणार हे त्याला अर्धं आधीच कळतं, पण पास झेलायची सवय नसते. डिफेन्सिव्ह लाइनमधून, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेतून आला तर हात आणि ताकद तयार, मात्र मोकळ्या जागेत हलता माणूस गाठताना त्याची फजिती होते. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) होता तर झेल चांगले घेईल, पण टक्कर चुकवायची सवय त्याच्या अंगात भिनलेली असते आणि ती मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. टाइट एंडला (आक्रमणाच्या रांगेच्या टोकाच्या गड्याला) ब्लॉक म्हणजे माणूस अडवणं आणि रूट म्हणजे पास झेलायला धावायची वाट दोन्ही ठाऊक असतात, फक्त धावत येऊन ब्लॉक करायची सवय नसते.

यातल्या कुठल्याही वाटेने माणूस वर जाऊ शकतो. पॅट्रिक रिकार्ड मेन विद्यापीठात डिफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळायचा. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) त्याला कुणी घेतलं नाही. बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला फुलबॅक केलं आणि पुढे तो अनेकदा प्रो बोल या मानासाठी निवडला गेला. अ‍ॅलेक इंगोल्ड शाळेत क्वार्टरबॅक होता, विस्कॉन्सिनमध्ये फुलबॅक झाला. सी. जे. हॅम हा ऑगस्टानाचा रनिंग बॅक, तो मिनेसोटा वायकिंग्जकडे जाऊन फुलबॅक झाला.

व्हिडिओ लावण्याआधी जर्सीचा नंबर तपासा. कॉलेजच्या नियमांत ५० ते ७९ नंबरवाल्याला पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. ५२ नंबरचा लाइनबॅकर तोच नंबर घालून फुलबॅकच्या जागी दिसला, तर प्रशिक्षकांना तो फक्त धडक मारायला हवाय. नंबर बदलून ४० च्या घरातला किंवा ८० च्या पुढचा दिला असेल, तर त्याच्यासाठी प्लेबुकमध्ये (संघाच्या ठरलेल्या डावांच्या वहीत) झेलही ठेवलेत असं समजायला हरकत नाही.

आता स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन एकेक खेळ (डाव) सुरू होतो त्याच्या, आधीचा उभा पवित्रा बघा. नवखा फुलबॅक जमिनीवर टेकलेल्या हातावर फार भार देतो किंवा ज्या बाजूला जायचंय तिकडे आधीच झुकतो. मुरलेला लाइनबॅकर ते टिपतो आणि खेळ सुरू होण्याआधीच एक पाऊल सरकून उभा राहतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे पाच-पाच खेळ लागोपाठ थांबवून पाहा. पवित्र्यावरून तुम्हाला दिशा ओळखता आली, तर समोरच्यालाही येणारच. हा दोष मात्र पंधरा दिवसांत जातो, त्यावरून पोराला निकालात काढू नका.

खरी परीक्षा आयसो नावाच्या खेळात होते. गार्ड आणि टॅकल (आक्रमणाच्या रांगेतले अडवणारे) आपापली माणसं अडवतात, मधल्या फटीतून फुलबॅक शिरतो आणि एकट्याने लाइनबॅकरला भिडतो. इथे व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे न्या आणि टकरीआधीची शेवटची दोन पावलं पाहा. जमलेल्या फुलबॅकची ही पावलं आखूड आणि रुंद पडतात. गुडघे वाकतात, नितंब खाली जातात, पण वेग तुटत नाही. मग हात आतून, अंगठे वर, थेट छातीवर आणि टक्कर झाल्यावरही पाय चालूच. कुस्तीत खाली शिरलेल्यालाच समोरच्याचं वजन हलवता येतं, तसंच हे. न जमलेला पोरगा शेवटच्या दोन पावलांत नेमका ब्रेक लावतो, ताठ होतो आणि समोरच्याची वाट बघतो. परिणाम दोन: लाइनबॅकर त्याला फटीतच गाठतो, आणि मागून येणारा टेलबॅक त्याच्याच पाठीवर आदळतो. टक्कर रेषेच्या पलीकडे झाली की अलीकडे, एवढं जरी नोंदवलंत तरी अर्धा निकाल लागतो.

डोकं कुठे आहे तेही बघा. मान खाली घालून टाळूने धडक देणारा पोरगा मान मोडून घेईल, शिवाय टार्गेटिंगच्या नियमाने थेट बाहेर जाईल. हा नियम आक्रमणातल्या खेळाडूलाही लागतो. हात छातीऐवजी खांद्यांबाहेर गेले की होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं), म्हणजे १० यार्डांचा फटका.

पॉवर खेळातला किक-आउट वेगळा. इथे रेषेच्या टोकाचा माणूस बाहेर ढकलायचा असतो, म्हणून फुलबॅकने आपल्या लाइनच्या पाठीला घासून, आतून बाहेर जायचं. उजवीकडचा खेळ असेल तर उजवा खांदा समोरच्याच्या अंगावर आणि डोकं फटीच्या बाजूला. वाट गोल घेतली की कोन जातो आणि समोरचा आत निसटतो. पण कधी कधी टोकाचा माणूस मुद्दाम आत घुसून फट बुजवतो. तेव्हा त्याला बाहेर ढकलायचा हट्ट न धरता आतच दाबून ठेवायचा, म्हणजे टेलबॅक त्याला वळसा घालून बाहेरून निघतो. हा बदल पोराला आपला आपण सुचतो का? माझ्या मते फुलबॅकची अक्कल बघायला याहून चांगली जागा नाही.

पास अडवताना नजर आतून बाहेर फिरली पाहिजे: आधी सेंटरच्या (रांगेत मधोमध राहून चेंडू मागे देणाऱ्याच्या) दोन्ही बाजूंच्या फटी, मग कडा. आतून येणारा क्वार्टरबॅकपर्यंत सगळ्यात आधी पोचतो, हे त्यामागचं कारण. लाइनबॅकर राहिलेला पोरगा बहुतेकदा कडेच्या माणसाकडे ओढला जातो, कारण तो ठळक दिसतो. आणखी एक जुनी सवय म्हणजे पायांवर झेप घेऊन पाडणं. २०२२ पासून कॉलेजमध्ये कमरेखालचा ब्लॉक टॅकल बॉक्सच्या (सेंटरभोवतीच्या ठरावीक चौकोनाच्या) आतच, आणि तोही लाइनमनना व तिथे स्थिर उभ्या असलेल्या बॅकनाच करता येतो. बाहेर मोकळ्या जागेत उभ्यानेच भिडावं लागतं. आधीचे व्हिडिओ बघून शिकलेला पोरगा इथे दंड खातो.

नोंदी ठेवायची पद्धत साधी. तीन सामने घ्या आणि तो मैदानात असलेले ४० स्नॅप मोजा. प्रत्येकाला चार रकाने: योग्य माणूस गाठला का, टक्कर कुठे झाली, नंतर पाय चालू राहिले का, टेलबॅक त्याच्यामागून गेला का. योग्य माणूस १० पैकी ९ वेळा गाठत नसेल तर प्लेबुक कच्चं आहे. पहिल्या हंगामात ते माफ. वसंतातले सराव १५ असतात आणि तेवढ्यात सगळे खेळ अंगवळणी पडत नाहीत. पाय थांबतात हा रकाना मात्र दुसऱ्या हंगामातही तसाच राहिला तर आशा कमी. चौथ्या रकान्याला मी जास्त वजन देतो. सरावात रोज पाठीमागून धावणाऱ्याला हा माणूस वाट काढतो की अडवतो हे पक्कं ठाऊक असतं.

संघही तपासा. दोन बॅक आणि एक टाइट एंड अशी मांडणी जो संघ क्वचितच मैदानात उतरवतो, तिथे पोरगा कितीही चांगला असला तरी बाकावरच बसेल. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी कॉलेजांच्या ट्रिपल ऑप्शनमधला (चेंडू तिघांपैकी कुणी न्यायचा हे ऐनवेळी ठरतं त्या पद्धतीतला) फुलबॅक तर या मोजपट्टीत बसतच नाही, त्याला चेंडू घेऊन मधून घुसायचं असतं.

वजनाचा बाऊ नको. १०५ ते ११० किलो चालतात, रिकार्डसारखा १३० च्या पुढचा अपवादच. पुढच्या पायरीसाठी स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे गट) जास्त मोलाच्या, कारण फुलबॅकला मैदानात वेळ कमी मिळतो आणि व्यावसायिक संघात जागा द्यायची तर तोच माणूस किक कव्हरेजमध्येही उपयोगी हवा. तेव्हा पंट (चेंडू लाथेने दूर मारणं) होताना टीव्ही बंद करू नका, तो पळत खाली जाणाऱ्यांत आहे का आणि कितवा पोचतो ते मोजा.