स्पिरिटच्या शेगडीचं इंधन: निघण्याआधी काय काय बघायचं

लांब पल्ल्याच्या पायी प्रवासाला स्पिरिटची, म्हणजे अल्कोहोलवर जळणारी, शेगडी न्यायचं ठरलं असेल, तर सॅक भरायच्या आधी मोजमाप करून घ्या. घराबाहेर, उघड्यावर, जे भांडं आणि जो वाऱ्याचा आडोसा सोबत नेणार तोच मांडा. अर्धा लिटर पाणी ठेवा, शेगडीत २० मिलिलिटर स्पिरिट मोजून ओता आणि उकळी येते का बघा. वारा नसेल तर बहुतेक शेगड्यांना १५ ते २० मिलिलिटर पुरतं, पण हिशोब आपल्या शेगडीचाच धरायचा. दिवसातून दोनदा उकळी म्हणजे पाच दिवसांना २०० मिलिलिटर. वारा आणि थंडी धरून वर पन्नास घ्या. एवढ्याचं वजन जेमतेम २०० ग्रॅम भरतं.

विमानाने जाणार असाल तर इंधन सोबत नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या. ते उतरल्यावरच घ्यायचं, म्हणून तिथल्या दुकानात काय मागायचं ते आधी लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये मेथिलेटेड स्पिरिट मागा, ते जांभळं असतं. फ्रान्समध्ये ‘आल्कोल आ ब्र्युले’, जर्मनीत ‘ब्रेनश्पिरिटुस’, स्पेनमध्ये ‘आल्कोओल दे केमार’. रंगाचं किंवा हार्डवेअरचं दुकान आधी गाठा, मग औषधांचं. ‘व्हाइट स्पिरिट’ मात्र चुकूनही घेऊ नका. नावात स्पिरिट असलं तरी ते पेट्रोलियमपासून काढलेलं रंग पातळ करायचं द्रव आहे.

लेबल पूर्ण वाचा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. सगळ्यात चांगलं इथेनॉल. मिथेनॉलही स्वच्छ जळतं, पण उष्णता कमी देतं, आणि ते विष आहे: त्वचेतून आणि वाफेतून अंगात जातं, पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. अमेरिकेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ‘हीट’ नावाच्या बाटल्या मिळतात. त्यातली पिवळी मिथेनॉलची, लाल आयसोप्रोपिलची. आयसोप्रोपिलने भांड्याला दाट काजळी धरते, आणि औषधांच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्या बाटलीत उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं. अगदीच अडलं तर ९० टक्क्यांच्या वरचं घ्या.

इंधनाची बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसता कामा नये. पेट (PET) प्लॅस्टिकची छोटी बाटली चालते. तिच्यावर पक्क्या शाईने मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि ती खाण्यापासून लांब, बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवा. बूच लावून रात्रभर कागदावर आडवी ठेवली की गळती आहे का ते घरीच कळतं.

मार्गावरचे आगीचे नियमही बघून ठेवा. कोरड्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी बंद करायची कळ नसलेल्या शेगड्यांना मनाई असते, आणि स्पिरिटच्या बहुतेक शेगड्यांना ती नसतेच. अशा टप्प्यासाठी गॅसची सोय करा.

आता ज्वाळेबद्दल. ती उन्हात दिसत नाही. एकदा सकाळच्या उन्हात माझी शेगडी विझली असं वाटलं आणि मी आणखी ओतायला बाटली उघडली. मन धजेना, म्हणून आधी गवताची वाळकी काडी वर धरली. टोक काळं पडून वाकलं आणि काडी पेटली. ओतलं असतं तर जाळ धारेवरून थेट हातातल्या बाटलीत आला असता. तेव्हापासून मी शेगडी हाताला गार लागेपर्यंत थांबतो, आणि बाटलीतून थेट कधीच ओतत नाही. आधी छोट्या मापात काढायचं, बूच लावून बाटली चार पावलं दूर ठेवायची, मग ओतायचं. त्यामुळे ते माप यादीत हवंच. शेगडीवर पालथं बसेल असं भांडंही जवळ असू द्या; जाळ दाबायला तेच लागतं. तंबूत पेटवायचं नाही: आगीची भीती आहेच, पण कार्बन मोनॉक्साइड तर वासानेही कळत नाही.

कडक थंडीत स्पिरिटची वाफ पुरेशी होत नाही आणि काडीमागून काडी वाया जाते. पेटवण्याआधी बंद बाटली थोडा वेळ जाकिटाच्या आत ठेवली की काम होतं. काड्यापेटी आणि लायटर मात्र दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा, म्हणजे एक भिजलं तरी दुसरं कोरडं राहील.