वड, पिंपळ, उंबर ओळखताना या चुका टाळा

रविवारी सकाळी आम्ही चार-सहा जण रंकाळ्यावर झाडं बघत फिरतो. मागं एकदा एका पोरानं मोबाइल पुढं केला, "सर, पिंपळाला फूल आलंय बघा!" फोटोत पिवळंधमक फूल, जास्वंदीच्या घाटाचं. पान पिंपळासारखंच, पण झाड पारसपिंपळाचं. नाव पिंपळ आणि नातं कापसाशी.

पानावरून कूळ ठरवायला गेलं की असं होतं. वड, पिंपळ, उंबर ज्या फायकस प्रजातीत येतात, तिच्यात साडेसातशेहून जास्त जाती. पिंपळाचं पान शेपटीवालं, वडाचं जाड, अंजिराचं पंजासारखं कातरलेलं. त्यापेक्षा देठ मोडून पांढरा चीक येतो का बघा (डोळ्याला लागू देऊ नका). फांदीच्या टोकाचा कोंब टोपीसारख्या उपपर्णात गुंडाळलेला असतो. ती टोपी गळाली की फांदीभोवती गोल वण राहतो. नुसत्या चिकावर जाऊ नका, चीक रुईलाही येतो. फणसाला तर चीक आणि वण दोन्ही, कारण तोही फायकससारखाच तुतीच्या कुळातला. तिथं निकाल फळ देतं: फायकसच्या फळाला टोकाशी बारीक भोक असतं.

त्या भोकातच दुसऱ्या चुकीचं उत्तर आहे. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, आणि उंबराला फूलच नसतं असं समजून चालतो. फुलं असतात, शेकड्यांनी, फळाच्या आत. आपण फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोराच. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. झाडं शिकणाऱ्यानं जरूर काढावीत. परागीभवन करणाऱ्या गांधीलमाश्या त्यांतच सापडतात, तिळाहून लहान.

पारंब्या दिसल्या की वड, हेही खरं नाही. नांद्रुकालाही पारंब्या सुटतात. वड, पिंपळ, नांद्रुक हे युरोस्टिग्मा या एकाच पोटगटात; उंबर मात्र सायकोमोरस गटातला, त्याला पारंब्या नाहीत. त्याच गटात काळा उंबरही येतो, आणि खरी फसगत तिथं होते. आमच्या मावशींनी नरसोबाच्या वाडीहून येताना एका रोपवाटिकेतून 'औदुंबर' आणला, दारात लावला, रोज पाणी घातलं. वाढल्यावर बघतो तर पानं समोरासमोर आणि हाताला खरखरीत. काळा उंबर! उंबराची पानं एकाआड एक आणि बरीच गुळगुळीत असतात. रोप घेताना एवढं बघितलं तरी पुरे. मावशींनी झाड काढलं नाही, प्रदक्षिणा चालू आहे.

नांद्रुकाच्या पाटीवर पुष्कळदा 'फायकस रेटुसा' लिहिलेलं असतं. आपल्याकडचं झाड फायकस मायक्रोकार्पा. रेटुसा ही वेगळी जात. आणि रोपवाटिकेत जाऊन नुसतं "फायकस द्या" म्हणू नका. शोभेसाठी कुंडीत लावतात ते रबराचं झाडही फायकसच आहे.