जुन्या खिडक्यांच्या फटी बुजवताना

सोलापुरात पारा ४० अंशांपुढे गेला की जुन्या घरांत खिडक्या लावून घेतल्या तरी दुपारची झळ आणि धूळ आत येतेच. डिसेंबरच्या पहाटे त्याच फटींतून गार वारा शिरतो. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंत, चौकटही किंचित हलते. म्हणून फट लवचीक वस्तूनेच बुजवावी. पांढरं सिमेंट थापलं तर वर्षभरात ते सुटून येतं.

आधी फट नेमकी कुठे आहे ते शोधा. वारा असताना पंखा बंद करून पेटती उदबत्ती पडद्यापासून लांब धरून चौकटीच्या कडेने फिरवा. धूर जिथे हलेल तिथे खडूने खूण करा. चौकटीच्या खालच्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. तिचा बंदोबस्त आधी.

मग बिजागऱ्या. झडप लोंबली की वरच्या कोपऱ्यात फट पडते आणि खालचा कोपरा घासतो. अशा झडपेला कितीही पट्ट्या लावा, उपयोग नाही. ढिला स्क्रू काढून भोकात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या (गुल काढून) ठासून भरा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा आवळा. पावसाळ्यात झडप अडकते म्हणून रंधा मारू नका. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं, मार्चमध्ये तिथेच बोटभर फट दिसेल. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढलेलं बरं.

भिंत आणि चौकट यांमधली फट ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर भुसभुशीत गिलावा खरवडून, धूळ झटकून रंग बसेल असं अॅक्रिलिक सीलंट भरा. त्याहून रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबा. जुनी भिंत चुन्याची असेल आणि खड्डाच पडला असेल, तर १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू असा मसाला ओल्या भिंतीवर थरांनी भरा.

झडप जिथे चौकटीला टेकते तिथे डी आकाराची ईपीडीएम रबरी पट्टी लावा. स्पंजची पट्टी स्वस्त मिळते, पण उन्हात तिचा भुगा होतो. फटीची जाडी मोजायला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली घट्ट कणीक तिथे ठेवून खिडकी लावा. दबलेल्या कणकेची जाडी तीच फट. पट्टी त्याहून १-२ मिलिमीटर जाड घ्या. त्याहून जाड घेतली तर कडी लागत नाही. ४ बाय ३ फुटांच्या दोन झडपांच्या खिडकीला चारही बाजू आणि मधली उभी कड धरून १८ फूट, म्हणजे साधारण साडेपाच मीटर लागते. ६ मीटर आणा. रंगाचे पापुद्रे पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा आणि सकाळी, लाकूड तापायच्या आत चिकटवा. पट्टी ताणू नका. ताणलेलं रबर आखडतं आणि कोपरे उघडे पडतात.

काच खडखडत असेल तर जुनी लांबी (काच बसवायची पुट्टी) काढा, लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्या आणि मगच नवी लांबी भरा. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, मग तिला तडे जातात.

काम होईपर्यंत जुनी सोलापुरी चादर गुंडाळून खिडकीच्या तळाशी दाबून ठेवली तरी धूळ बरीच अडते. स्वयंपाकघराचा आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका मात्र उघडाच राहू द्या.