साताऱ्यात स्ट्रोलर घेताय? रंग नंतर, आधी चाकं बघा

दीड-दोन वर्षांच्या पोरासाठी स्ट्रोलर घ्यायचा असेल तर 5 ते 7 किलोचा बघा, त्याहून जड घेतला की जिना चढताना एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात स्ट्रोलर जमतच नाही. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळेच मस्त पळतात हो, खरी परीक्षा आपल्याकडच्या उतारावर आणि खडीवर. म्हणून दुकानदाराला सांगून बाहेर रस्त्यावर थोडा ढकलून बघा, पोराला बसवूनच. बारकी प्लास्टिकची चाकं प्रत्येक खड्ड्यात अडकतात, जरा मोठी चाकं आणि पुढच्या चाकांना लॉक (चाकं इकडंतिकडं न वळता सरळ ठेवणारं) असेल तर बरं पडतं.

ब्रेक मात्र नीट तपासा, राजवाड्याकडून खाली येताना उतार असतोच, तिथं उभा केला की तसूभरही हलता कामा नये. बेल्ट पाच पॉइंटचाच घ्या, खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा, कारण या वयाची पोरं नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून सरळ उभी राहतात. किती किलोपर्यंत चालतो तेही लेबलवर वाचा, बऱ्याच मॉडेलला 15 किलोची मर्यादा असते.

एसटीनं किंवा रिक्षानं फिरणार असाल तर एका हातानं घडी होतीय का ते स्वतः करून बघा. सेकंडहँड घ्यायलाही काही हरकत नाही, फक्त घडीचं लॉक, शिलाई आणि ब्रेक तपासून घ्या. आणि हँडलला भाजीची पिशवी अजिबात अडकवू नका, पोर उतरलं की गाडी मागं पलटते.