मोठ्या माणसांना अभ्यास लक्षात ठेवायला कसं शिकवावं

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांना मी बरीच वर्षं संध्याकाळी शिकवते. घरकाम करणाऱ्या ताई, रिक्षा चालवणारे दादा, वॉचमन, शिवणकाम करणाऱ्या बायका. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "बाई, वय झालं आता, डोक्यात काही राहत नाही." त्यावर कुणीतरी त्यांना भिजवलेले बदाम खायला आणि पहाटे चारला उठायला सांगितलेलं असतं. या सल्ल्यांचा मला राग येतो. रात्री अकराला भांडी आवरून आडवी होणारी बाई चारला उठली तर तिची झोप बुडते, आणि वाचलेलं पक्कं व्हायला झोपच तर लागते.

सुरुवात कागदांपासून करा. विषयाला एक वही, सगळ्याला मिळून एक पिशवी, आणि पिशवीची घरात ठरलेली जागा. फॉर्मची मुदत, हॉलतिकीट, प्रात्यक्षिकाचा दिवस, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. मुंबईचे डबेवाले कुठला डबा कुठल्या इमारतीत जायचा ते पाठ करत बसत नाहीत, ते डब्यावरच रंग, आकडे आणि अक्षरांत लिहिलेलं असतं. जे लिहून भागतं त्याचा भार डोक्यावर टाकू नका, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग नवा धडा त्यांच्या माहितीतल्या गोष्टीला बांधून द्या. दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे, आणि त्यातला 'अवर्षण चतुष्कोन' (ब्राझीलचा कमी पावसाचा भाग) हा शब्द ऐकूनच लोक घाबरतात. वर्गात माणदेशातल्या एक ताई होत्या. मी त्यांना विचारलं, महाबळेश्वरला धो धो पाऊस, मग तुमच्याकडे टँकर का? त्यांनी डोंगर आणि ढग हातवारे करून सगळ्या वर्गाला समजावलं. ब्राझीलचा अजस्र कडा म्हणजे तिथला सह्याद्री, एवढंच मला जोडावं लागलं. मोठ्या माणसाकडे असलेली ही शिदोरी चौदा वर्षांच्या मुलाकडे नसते. ती वापरा.

'तानापिहिनिपाजा'सारखी आद्याक्षरांची सूत्रं ज्याची त्याने बनवावीत, तुमची आयती देऊ नका.

आता खरी अडचणीची पायरी: पुस्तक मिटून आठवायला लावणं. मी इथेच अडखळले होते. पहिली दोन वर्षं मी उत्तरं उतरवून घ्यायला सांगत असे. वह्या भरल्या, अक्षर सुधारलं, आणि सराव परीक्षेला पानं कोरी आली. उतरवताना हात चालतो, डोकं नाही. तरी माणसं त्यालाच धरून बसतात, कारण वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं वाटतं.

मग मी एकेकाला उभं करून विचारायला लागले. ही त्याहून मोठी चूक होती. एका काकांना मुलाच्या वयाच्या पोरांसमोर उत्तर आलं नाही. ते खाली बसले आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. मी घरी जाऊन विनवलं, पण त्यांचं ते वर्ष गेलं ते गेलंच. मोठ्या माणसाला चारचौघांत कधीही एकट्याला विचारू नका.

आता मी असं करते. परिच्छेद वाचून झाला की सगळे एकदम पुस्तक मिटतात आणि रफ वहीच्या मागच्या पानावर पाच मिनिटं आठवेल ते लिहितात. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने स्वतः भरतात. ते पान मी बघत नाही, गुण देत नाही, आणि त्याला चाचणी म्हणत नाही. ज्यांचा लिहिण्याचा वेग कमी आहे ते व्हरांड्यात जाऊन फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करतात.

त्या पाच मिनिटांत तुम्ही गप्प राहायचं. वर्गात शांतता असते, समोरचा माणूस कपाळाला हात लावून बसलेला असतो, आणि पहिला शब्द सांगून टाकावासा फार वाटतो. सांगू नका. तो ताण म्हणजेच अभ्यास आहे. पहिल्या दिवशी दोनच ओळी येतील, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा.

लोक कुरकुरतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर मिटून आठवणारे. पण वर्गाला हे ऐकवून उपयोग होत नाही, करून दाखवावं लागतं. एक उतारा चार वेळा वाचायला द्या, तेवढाच दुसरा एकदा वाचून तीनदा आठवायला. आठवड्याने दोन्ही लिहून घ्या. माझ्या शब्दापेक्षा त्यांचा स्वतःच्या वहीवर जास्त विश्वास बसतो.

उजळणीला मिठाईचे तीन रिकामे खोके पुरतात. चिठ्ठीच्या पुढे एक प्रश्न, मागे उत्तर. पहिला खोका रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने ही युक्ती पाच कप्प्यांसह लोकांपर्यंत नेली, पण आमच्याकडे पाच खोके ठेवायला घरात जागा नसते. रोज दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. खोके मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवायला सांगा, तिथे हात रोज जातोच.

लग्नसराईत किंवा घरात कुणी आजारी पडलं की पंधरा दिवस खंड पडतो. परत आल्यावर माणसं पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला निघतात आणि तिथेच कंटाळून सोडतात. त्यांना थांबवा. पुस्तक मिटलेलं ठेवून आठवेल ते लिहून घ्या, आणि निसटलंय तेवढंच वाचायला द्या.