केप्रोबचा पॅच रिव्ह्यू करताय? आधी हँडलर बघा

लिनक्समध्ये केप्रोब (चालत्या कर्नलमधल्या फंक्शनवर आपला कोड अडकवायची सोय) कर्नल 2.6.9 पासून आहे, तरी पॅचमध्ये चुका त्याच त्याच. मी आधी हँडलरच उघडतो, म्हणजे प्रोब लागला की चालणारं फंक्शन. तो प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं चालवणं) बंद असताना चालतो, म्हणजे तिथे झोपायची, कशाची वाट बघत थांबायची सोय नाही, पण लोक बिनधास्त कॉपी फ्रॉम युजर (युजर प्रोग्रामची मेमरी वाचणारं फंक्शन) टाकतात किंवा जीएफपी कर्नल हा फ्लॅग देऊन मेमरी मागतात, आणि ही दोन्ही झोपू शकतात, आणि लेखकाच्या लॅपटॉपवर सगळं छान चालतं कारण ते पेज नेमकं मेमरीत असतं! अशा पॅचला डीबग अटॉमिक स्लीप हा कर्नलचा पर्याय चालू करून बिल्ड मारा, कर्नल लगेच बोंब मारतो. युजरची मेमरी वाचायचीच असेल तर त्याच फंक्शनचं नोफॉल्टवालं, न झोपणारं व्हर्जन वापरायला सांगा.

दुसरं म्हणजे केरेटप्रोबचा (फंक्शन परततानाचा प्रोब) मॅक्सॲक्टिव्ह, म्हणजे एका वेळी किती चालू कॉलवर नजर ठेवायची तो आकडा. तो शून्यच ठेवला तर हल्लीच्या कर्नलमध्ये 10 किंवा सीपीयूंच्या दुप्पट, जे मोठं असेल ते धरतात. व्हीएफएस रीडसारख्या (फाइल, पाईप वाचणाऱ्या) फंक्शनवर लावलात तर पाईपवर वाट बघत बसलेले थ्रेडच त्या जागा अडवून ठेवतात आणि पुढचे हिट गुपचूप गळतात, एरर वगैरे काही येत नाही. एनमिस्ड, म्हणजे गळलेल्या हिटचा आकडा, छापलाय का बघा. प्रोब ट्रेसएफएसमधून (कर्नलच्या ट्रेसिंगच्या फाइली) लावला असेल तर केप्रोब प्रोफाइल फाइलचा शेवटचा कॉलम बघा, तिथे शून्य नसेल तर पॅच परत पाठवा.

आणि हो, स्टॅटिक फंक्शनवर प्रोब असेल तर कंपायलरने ते इनलाइन केलं (बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच विरघळवलं) असू शकतं, मग नावच सापडत नाही, किंवा मागे डॉट आयएसआरए असं शेपूट लागलेलं असतं. कॅलसिम्समध्ये (कर्नलमधल्या नावांची यादी) एकदा ग्रेप करा.